पाय आंबल्यावर कोणतं तेल, कोणतं चूर्ण: सोलापूरच्या सायकलस्वारांसाठी वनौषधींची पारख

तुळजापूरचा घाट चढून परत आलं, किंवा विजापूर रस्त्यावर उलटा वारा अंगावर घेत ऐंशी-नव्वद किलोमीटर मारले, की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात. मग सल्ले सुरू होतात. घरातली मोठी माणसं महानारायण तेल काढतात, मित्र गंधपुरा सुचवतो, जिममधून अश्वगंधाचा डबा येतो, आणि हळदीचं दूध तर न सांगता पुढ्यात येतं. सोलापुरात सहज मिळणाऱ्या या वस्तूंपैकी कशात किती दम आहे, ती किती मात्रेत घ्यायची, कुठे फसते आणि कुठे अंगाशी येते, हे या परीक्षणात पाहिलं आहे. आमचा कौल आधीच सांगतो: साधं तिळाचं तेल, डाळिंब आणि सुंठ या तीन गोष्टींना पूर्ण मान, अश्वगंधाला अर्धा, महागड्या मिश्रणांना जवळपास काहीच नाही.

आधी दुखणं ओळखायला हवं, कारण चुकीच्या दुखण्यावर बरोबर औषधही वाया जातं. मेहनतीनंतर २४ ते ७२ तासांत वाढणारा स्नायूंचा ठणका हा तंतूंना झालेल्या बारीक इजेचा आणि त्यानंतरच्या सुजेचा असतो. तो लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे होत नाही. ते तासाभरात रक्तातून निघून जातं. ‘लॅक्टिक ॲसिड बाहेर काढणारं तेल’ असं बाटलीवर लिहिलेलं दिसलं, तर उत्पादकाला विषय कळलेला नाही असं खुशाल समजा. दुसरी गोष्ट, पायडल मारताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतारावर धावताना तो ताणला जात काम करतो. इजा ताणाखालच्या कामात जास्त होते. म्हणून धावणाऱ्याइतका ठणका सायकलस्वाराला सहसा येत नाही. त्याचे पाय जड होतात ते बरेचदा स्नायूंमधली साखर संपल्याने, पाणी-मीठ कमी पडल्याने आणि झोप न झाल्याने. त्यावर चोळण्याचा उपयोग थोडा, जेवणाचा जास्त. आणि दुखणं मांडीऐवजी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असेल, तर आधी सीटची उंची तपासा. सीट खाली राहिली की गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. तिथे कितीही तेल जिरवा, पुढच्या रविवारी दुखणं परत हजर.

दोन लक्षणांना मात्र घरगुती उपाय करत बसू नये. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, तर स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर आत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा पायाला मालीश करणं धोक्याचं. दोन्ही वेळा सरळ सिव्हिल गाठा.

आता तेल. मालिशीने ठणका थोडा कमी होतो, याला अभ्यासांचा आधार आहे. मालिशीने ताकद लवकर परत येते, याला फारसा आधार नाही. यातलं बरंचसं काम हाताचं असतं, तेल हाताला घसरायला मदत करतं. त्यामुळे आधी तेलाचा पाया चांगला निवडा. सोलापूर हा करडईचा मुलूख, घराघरांत घाण्याचं करडई तेल असतं आणि अनेक जण तेच पायाला लावतात. आहारात ते उत्तम, चोळायला मात्र तिळाचं सरस. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, ते हवेत लवकर खवट होतं आणि त्वचेवर चिकट थर धरतं. तिळाच्या तेलात सेसमोलसारखी घटकद्रव्यं असतात, ती तेल टिकवतात. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हात हा फरक नाकाला दोन आठवड्यांत कळतो. बाटली गडद काचेची घ्या, खिडकीत ठेवू नका, आणि एका वेळी पाव लिटरच्या वर आणू नका.

औषधी तेलांपैकी महानारायण तेल दुकानात हमखास मिळतं. तिळाच्या तेलात शतावरी, अश्वगंधा, बेल अशा वनस्पती आणि दूध घालून ते शिजवतात. वास सौम्य, त्वचेला सहसा बाधत नाही, रोजच्या मालिशीला चांगलं. साध्या तिळाच्या तेलापेक्षा ते सायकलस्वाराचा ठणका जास्त कमी करतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण ज्यांना त्याचा वास आणि स्पर्श आवडतो त्यांनी जरूर वापरावं. आवडीच्या तेलाने मालीश टळत नाही, हाही फायदाच. महाविषगर्भ तेलाची गोष्ट वेगळी. त्यात बचनाग आणि धोतरा असतात. ते फक्त बाहेरून, फक्त धडधाकट त्वचेवर आणि वैद्याने सांगितलं तरच. पडून खरचटलेल्या जागेवर, सीटवर घासून सोललेल्या मांडीवर किंवा जांघेत ते लावू नये. लावल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला किंवा भाकरीला लावू नयेत. लहान मुलांच्या घरात आम्ही ही बाटली ठेवणार नाही.

मालीश कशी करायची यावर तेलाच्या नावापेक्षा जास्त अवलंबून आहे. घरी आल्याआल्या नको. आधी अंगातली उष्णता उतरू द्या, पाणी प्या, आंघोळ करा, काहीतरी खा. दोन तासांनी बसा. दोन्ही पायांना मिळून १० ते १५ मिली तेल पुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा. गॅसवर थेट तापवलं की अंदाज चुकतो आणि चटका बसतो. पोटरी घोट्याकडून गुडघ्याकडे, मांडी गुडघ्याकडून कमरेकडे, नेहमी हृदयाच्या दिशेने. पहिली दोन मिनिटं तळहाताने हलकं, मग अंगठ्यांनी खोल, शेवटी पुन्हा हलकं. एका पायाला ८ ते १० मिनिटं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा ताठ पट्टा जोरात रगडण्याची खोड अनेकांना असते. तो जाड तंतूंचा पट्टा आहे, रगडून सैल होत नाही. त्याऐवजी कुल्ल्याच्या आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर वेळ द्या. दाब इतकाच की श्वास रोखावा लागू नये. रगडून निळे डाग पडले, तर आधीच इजा झालेल्या स्नायूला तुम्ही आणखी मार दिला. स्नायू अचानक ‘कट’ करून ताणला गेला असेल, तर पहिले दोन दिवस मालीश आणि शेक दोन्ही बंद.

पायावरचे केस काढणाऱ्यांनी त्याच दिवशी तेल चोळू नये, केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. केस असतील तर शेवटचे हात केसांच्या दिशेने फिरवा. अर्ध्या तासाने बेसन किंवा साबणाने पाय धुवा. तेलकट पायावर सायकलची चड्डी चढवली की तिचं लवचिक कापड लवकर सैल होतं आणि आतली गादी वास धरते. सगळ्यात महागाची चूक डिस्क ब्रेकवाल्यांची होते. चोळलेल्या हातांनी चाक काढताना किंवा बसवताना डिस्कला बोट लागलं, तर तेल पॅडमध्ये जिरतं, ब्रेक किंचाळतो आणि नीट लागत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, तेल प्यायलेले पॅड मात्र बहुधा बदलावेच लागतात. म्हणून सायकलची कामं आधी, मालीश नंतर.

गंधपुऱ्याबद्दल लोक फार सहज बोलतात, म्हणून थोडं सविस्तर. गंधपुरा तेल म्हणजे जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं रसायन. बाजारातलं बहुतेक तेल कारखान्यात बनतं. रेणू तोच असल्याने परिणामही तोच. ठणक्यावर ते काम करतं, त्वचेला ऊब देतं आणि खालची जाणीव बोथट करतं. पण ते इतकं तीव्र आहे की शुद्ध तेलाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. ॲस्पिरिनच्या वीसहून जास्त गोळ्यांइतकं. घरातल्या मुलाने एक घोट घेतला तरी जीव जाऊ शकतो. त्वचेतूनही ते रक्तात उतरतं. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १७ वर्षांच्या एका धावपटू मुलीचा अशा मलमांच्या अतिवापराने मृत्यू झाला होता. तेव्हा शुद्ध गंधपुरा थेट लावायचा नाही. १०० मिली तिळाच्या तेलात ५ ते १० मिली मिसळा, दिवसातून एकदाच, फक्त दुखऱ्या भागाला. लावून वर गरम शेक, गरम पाण्याची पिशवी, घट्ट पट्टी किंवा जाड चादर नको, कारण उबेने शोषण वाढतं. उन्हात निघण्याआधी तर नकोच. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, दम्याच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी याच्या वाटेला जाऊ नये.

अमृतधारा हा त्यामानाने सौम्य आणि घरी करण्याजोगा पर्याय. पुदिन्याचं फूल (मेंथॉलचे खडे), ओव्याचं फूल (थायमॉलचे खडे) आणि कापूर समभाग घ्या, प्रत्येकी ५ ग्रॅम, आणि कोरड्या काचेच्या बाटलीत घालून झाकण लावून ठेवा. तिन्ही घन पदार्थ एकत्र येताच आपोआप पातळ होतात. झाले नाहीत तर बाटली ओली होती किंवा कापरात दुसरं काही मिसळलेलं होतं. बाटली कोमट पाण्यात धरून पाहा. हे सगळं १५० मिली तिळाच्या तेलात ढवळलं की प्रत्येक घटक ३ टक्क्यांच्या आसपास येतो, पायांना तेवढं पुरेसं. प्लास्टिकच्या बाटलीत भरू नका, अशा द्रव्यांनी प्लास्टिक मऊ पडतं. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात, म्हणून हीसुद्धा बाटली उंचावरच ठेवा. पुदिन्याच्या फुलाने जो गारवा वाटतो तो फक्त वाटतो. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतं, अंगाचं तापमान उतरवत नाही. मे महिन्यात निघण्याआधी अंगाला मेंथॉल फासलं तर उन्हाची जाणीव दबते आणि माणूस गरजेपेक्षा जास्त वेळ रेटतो. सोलापुरात हा धोका खरा आहे. मेंथॉल घरी परतल्यावर, सावलीत.

कोणतंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून २४ तास पाहावं. मोठ्या राइडच्या आदल्या रात्री नव्या बाटलीचा प्रयोग करू नये.

ज्यांना स्वतः तेल काढायचं आहे त्यांच्यासाठी निर्गुडी. ओढ्याकाठी आणि बांधावर ही झुडपं भरपूर मिळतात. तीन किंवा पाच पानांचा पंजा, पानाची खालची बाजू पांढुरकी, चुरगळल्यावर उग्र वास. रस्त्याकडेची धूळ-धूर खाल्लेली पानं नकोत, फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचीही नकोत. तेल सिद्ध करण्याचं शास्त्रातलं प्रमाण कल्क (वाटलेला लगदा) १, तेल ४, द्रव १६ असं आहे. म्हणजे पाव लिटर तिळाच्या तेलाला एक लिटर निर्गुडीच्या पानांचा रस आणि साधारण ६० ग्रॅम वाटलेली पानं. एक लिटर रसाला पानं पुष्कळ लागतात, पिशवीभर आणून भागत नाही. रस कमी पडला तर पानांचा काढा घालून भर करतात. जाड बुडाच्या, सगळं मावून वर बरीच जागा उरेल अशा मोठ्या पातेल्यात, मंद आचेवर, सतत तळ खरवडत शिजवा. पाणी उडेपर्यंत तडतड चालते. तयार झाल्याच्या तीन खुणा: तेलावर फेस येतो, कल्काची बोटांत वळून वात होते, आणि ती वात विस्तवावर धरली की तडतडत नाही. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. असं तेल महिन्याभरात आंबूस होतं, बुरशी धरतं. कल्क कडक आणि काळा पडला तर तेल जळलं, ते टाकून द्या. शेवटची दहा मिनिटं नजर हटवायची नाही, बिघाड नेमका तिथेच होतो. गाळताना कापड कोरडं, बाटली कोरडी.

एवढा खटाटोप नको असेल तर निर्गुडीचा ओला शेक करा. आमच्या पसंतीच्या उपायांत हा वरच्या क्रमांकावर आहे, आणि त्याचं अर्धं श्रेय आपल्या टॉवेलचं. दोन लिटर पाण्यात दोन मूठ पानं घालून झाकण ठेवून दहा मिनिटं उकळा, मग हात जेमतेम बुडेल इतकं, ४५ अंशांच्या आसपास निवू द्या. सोलापुरी सुती टर्किश टॉवेलची घडी त्यात भिजवून कडकडीत पिळा आणि मांडीवर ठेवा. त्या कापडाचे फासे पाणी आणि ऊब दोन्ही जास्त वेळ धरतात. पातळ पंचा मिनिटभरात गार होतो. दोन टॉवेल आलटून पालटून, एका जागी ८ ते १० मिनिटं. नीट पिळला नाही तर गरम पाणी ओघळून गुडघ्यामागे चटका बसतो, ही नेहमीची चूक. गरम पाण्याने टब भरून पाय बुडवून बसण्याचे सल्ले वाचायला मिळतात; ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे दोन लिटरचा उपाय शहाणपणाचा. कोरडा शेक हवा असेल तर १०० ग्रॅम खडे मीठ आणि दोन चमचे ओवा तव्यावर गरम करून सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा. पॉलिस्टरचं कापड तव्यावर वितळतं. सुजलेल्या गुडघ्यावर मात्र कुठलाच गरम शेक नाही.

पोटात घेण्याच्या गोष्टींत पहिला मान डाळिंबाचा, आणि सोलापुरात तो असायलाच हवा. इथल्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र शहरालगत केगावलाच आहे. डाळिंबातली एलाजिटॅनिन गटातली द्रव्यं सूज कमी करतात म्हणून त्यांच्यावर स्नायूंच्या ठणक्याच्या संदर्भात अभ्यास झाले. त्यातला एक २०११ सालचा, अमेरिकेतल्या टेक्सासचा: व्यायाम करणाऱ्या पुरुषांनी रोज दोनदा २५० मिली रस घेतला, दंडाचा ठणका कमी झाला आणि ताकद जास्त टिकली, पण मांडीच्या स्नायूंमध्ये फरक दिसला नाही. सायकलस्वारासाठी ही दुसरी ओळ महत्त्वाची आहे आणि जाहिरातीत ती कधी येत नाही. तरीही आम्ही डाळिंबाची शिफारस करतो, कारण पाव लिटर रसात साधारण ३० ग्रॅम साखर, भरपूर पोटॅशियम आणि पाणी असतं, आणि राइड संपल्यावर पहिल्या तासात अंगाला तेच हवं असतं. ठणक्यावरचा फायदा झाला तर वरकड.

रस काढण्याची पद्धत चवीवर आणि गुणावर परिणाम करते. मोठी दोन भगवा डाळिंबं, साधारण ६०० ग्रॅम, यांतून २०० ते २५० मिली रस निघतो. दाणे मिक्सरमध्ये दोन-तीनदा फक्त झटका देऊन फिरवा. सलग फिरवलं की बिया दळल्या जातात आणि रस तुरट, गढूळ होतो. पातळ मलमलमधून गाळा, त्यात चिमूटभर सैंधव किंवा साधं मीठ घाला, लगेच प्या. अभ्यासांत वापरलेला बाटलीबंद रस बरेचदा सालीसकट दाबून काढलेला असतो, म्हणून त्यात टॅनिन जास्त. घरच्या दाण्यांच्या रसात कमी. सालीसकट घरी वाटण्याचा मोह टाळा, साल फवारणीची असते आणि पोट बांधते. डाग पडलेली किंवा तडकलेली फळं बाजारात स्वस्त मिळतात, रसाला ती चालतात, फक्त फोडल्यावर आत तपकिरी दाणे दिसले तर तो भाग काढा. रस पिण्यापेक्षा दाणे खायचे असतील तर उत्तमच, तंतूही मिळतात. लांब राइडनंतर भूक मेलेली असते तेव्हा रस उतरतो, एवढंच. मधुमेह असलेल्यांनी पाव लिटर एकदम घेऊ नये.

सुंठ साधी आहे आणि तिच्या बाजूने पुरावा बऱ्यापैकी नेटका आहे. २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाच्या अभ्यासात रोज २ ग्रॅम आलं ११ दिवस दिल्यावर दंडाच्या मेहनतीनंतरचा ठणका सुमारे पाव हिश्श्याने कमी भरला. कच्चं आणि तापवलेलं आलं दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा. २ ग्रॅम म्हणजे सुंठपुडीचा सपाट चहाचा चमचा. इथे मात्रा आणि सातत्य दोन्ही महत्त्वाचे आहेत. राइडच्या संध्याकाळी एकदाच आल्याचा चहा घेऊन ठणका जात नाही. मोठ्या राइडच्या आठवडाभर आधीपासून रोज घ्यावी लागते. ताकात घाला, गुळाबरोबर गोळी करा, पिठल्यात टाका. रिकाम्या पोटी छातीत जळजळते, उन्हाळ्यात जास्तच. तयार पुडीपेक्षा अख्खी सुंठ आणून घरी कुटावी. फार पांढरीशुभ्र दिसणारी सुंठ चुना लावलेली असते. मातकट, मोडल्यावर धागे निघणारी आणि नाकाला झोंबणारी निवडा.

हळदीच्या दुधावर सगळ्यांचा जीव आहे, म्हणून हिशोब मांडतो. चमचाभर हळद ३ ग्रॅम, तिच्यात करक्युमिन, म्हणजे हळदीचं मुख्य गुणकारी द्रव्य, साधारण ३ टक्के, म्हणजे ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं. ठणक्यावर परिणाम दिसलेल्या अभ्यासांत बहुधा याहून कितीतरी जास्त किंवा खास शोषली जाणारी करक्युमिन वापरली आहे. मिऱ्याने शोषण वाढतं हे खरं: बंगळुरूतल्या १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिऱ्यातलं पिपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर ते सुमारे २० पट वाढलं. २० मिलिग्रॅम पिपरिनसाठी आठ-दहा मिरे लागतात. चिमूटभर मिरपूड टाकून ते साधत नाही. घ्यायचंच तर पाव लिटर दूध, चमचाभर हळद, आठ-दहा मिरे ताजे कुटून, अर्धा चमचा तूप. तीन-चार मिनिटं उकळा. गूळ उतरवल्यावर घाला, उकळत्या दुधात टाकला तर दूध फाटतं. या पेल्यातून मिळणारी ८ ग्रॅम प्रथिनं आणि शांत झोप हे हळदीपेक्षा मोठे फायदे आहेत, आणि तेवढ्यासाठी तो पेला घ्यायला आमची पूर्ण संमती. सुटी हळदपूड घेण्यापेक्षा हळकुंडं आणून कांडून घ्या. पूड तपासायची तर ग्लासभर पाण्यावर चमचाभर टाका आणि न हलवता पाहा: शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. करक्युमिनच्या तीव्र कॅप्सूल रोज गिळण्याला मात्र आमचा विरोध. त्यातल्या जास्त शोषल्या जाणाऱ्या प्रकारांनी यकृताला त्रास झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत, आणि पिपरिन इतर औषधांचंही शोषण वाढवतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुंठ आणि हळद दोन्ही औषधाच्या मात्रेत घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

अश्वगंधावर सायकलस्वारांमध्येच झालेला एक भारतीय अभ्यास आहे: २०१२ साली प्रसिद्ध झालेला, ४० सायकलपटूंचा, दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क, ८ आठवडे. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता आणि दमेपर्यंतचा वेळ वाढला. २०१५ सालच्या दुसऱ्या अभ्यासात वजनं उचलणाऱ्या ५७ पुरुषांना ३०० मिलिग्रॅम अर्क दोनदा, ८ आठवडे दिला; ताकद वाढली आणि स्नायूंच्या इजेची रक्तातली खूण कमी दिसली. म्हणजे दम लावणाऱ्या तयारीसाठी ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे, पण ती आठवड्यांची गोष्ट आहे. रविवारच्या राइडनंतर सोमवारी चमचाभर खाऊन उपयोग नाही. काष्ठौषधीच्या दुकानात सुटी मुळं मिळतात: आतून पांढरी, पिठूळ, कट्कन मोडणारी घ्या; वाकणारी, बुरशीचा वास येणारी किंवा भोकं पडलेली सोडून द्या. चूर्ण ३ ग्रॅम, कोमट दुधातून, रात्री. अर्क घेतला तर डब्यावर ‘मूळ’ आणि विथॅनोलाइड या अश्वगंधातल्या मुख्य घटकाचं प्रमाण लिहिलेलं पाहा. पानांचा अर्क असलेला नको. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी टाळावी. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर तत्काळ बंद.

रोजच्या सरावात सूज दाबणाऱ्या गोष्टींचा मोठा मारा करणं तोट्याचंही ठरतं. थोडी सूज आली, ती उतरली, यातूनच स्नायू पुढच्या वेळेसाठी घडतो. क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांनी सरावाचे काही फायदे दबल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून जास्त मात्रेचे उपाय स्पर्धेच्या किंवा २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या (ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब राइडच्या) आठवड्यापुरते ठेवा. एरवी भाकरी, शेंगाचटणी, उसळ आणि वाटीभर दही हाच रोजचा खुराक. वजनाच्या दर किलोमागे तासाला १ ग्रॅम पिष्ट पदार्थ पहिले काही तास आणि एका बैठकीत २० ते २५ ग्रॅम प्रथिनं एवढं साधलं, तर वरच्या औषधांना काम उरतं ते थोडंच.

शल्लकीचा, म्हणजे सालईच्या डिंकाचा, उपयोग झिजलेल्या गुडघ्याच्या दुखण्यावर दिसतो, मांडीच्या ठणक्यावर तिच्यासाठी पैसे घालवू नयेत. योगराज आणि महायोगराज गुग्गुळ यांच्या नावातला फरक छोटा आहे, आतला मोठा: महायोगराजमध्ये शिशासह धातूंची भस्मं असतात. दमलेल्या पायांसाठी ते दुकानातून उचलून आणायचं औषध मुळीच नाही. खरोखर जुनाट दुखणं असेल तर शहरातल्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात वैद्यांना दाखवावं.

राहिली ती कागदात बांधून मिळणारी ‘सांधेदुखीची पुडी’ आणि ‘रिकव्हरी’च्या नावाने विकली जाणारी बिनलेबलची चूर्णं. अशा औषधांत स्टिरॉइड आणि वेदनाशामक गोळ्या कुटून मिसळल्याचे प्रकार देशात पुन्हा पुन्हा पकडले गेले आहेत. दोन तासांत ठणका साफ गेला, भूक वाढली, चेहरा भरला, तर ती वनस्पतीची किमया समजू नका. सूज दाबली जाते, इजा तशीच राहते, आणि बरेच दिवस घेऊन एकदम थांबवलं तर शरीर कोसळू शकतं; म्हणून घेत आला असाल तर मनानं बंद न करता डॉक्टरांना दाखवून कमी करा. स्पर्धेत उतरणाऱ्यांना दुसरा फटका: तोंडाने घेतलेली ही स्टिरॉइड स्पर्धाकाळात उत्तेजकविरोधी नियमांत बंदी घातलेली आहेत, आणि चाचणीत सापडल्यावर ‘जडीबुटी होती’ हे कारण चालत नाही. डब्यावर आयुष परवाना क्रमांक, घटकांची मात्रेसह यादी, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता, यांपैकी एक जरी नसेल तर पैसे देण्याआधीच तो डबा परत फळीवर ठेवा.